परकराखालचं वाळवण

नलू साटम दिवसाला निदान वीस बायकांना ब्रा कशी धुवायची ते सांगते. लोअर परळच्या मॉलमध्ये आतल्या कपड्यांचं दुकान आहे, तिथे ती सेल्सगर्ल. वय एक्केचाळीस, पण दुकानात सगळ्याच गर्ल. "मॅम, दोन-तीनदा घातली की धुवायची. घाम आला तर त्याच दिवशी. कोमट पाणी, हलका साबण. ब्रश मारायचा नाही, पिळायची नाही. आणि मोकळ्या हवेत वाळवायची, मॅम. ओलसर कधीच घालू नका, स्किनला त्रास होतो." सूर असा ठाम की बायका मान डोलावतात आणि एकीच्या जागी दोन घेऊन जातात.

आणि हे सांगणाऱ्या बाईच्या छातीखाली, पट्टा बसतो तिथे, बारा महिने पुरळ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. नलूच्या बाबतीत कोरडं काही नव्हतंच, हीच तर गोम होती.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर त्यांची एक खोली. नलू, नवरा जयवंत, तेरा वर्षांची मनवा, सासूबाई मीराबाई आणि सासरे अप्पा. कपड्यांची दोरी बाहेर गॅलरीत आणि बरोबर दोरीखाली अप्पांची खुर्ची. गिरणी बंद पडल्यावर अप्पा त्या खुर्चीत बसले ते बसलेच. माणूस देवासारखा, मान वर करून कधी बघणार नाही. पण न बघणारा पुरुषही पुरुषच.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नलू धुतलेले कपडे घेऊन गॅलरीत निघाली, तर मीराबाईंनी बादलीचा कान धरला. "थंय नको गो. अप्पा बसतत." मग मोरीतल्या दांडीवर त्यांनी नव्या सुनेला धडा दिला. खाली ब्रा, तिच्यावर ओला परकर, परकरावर टॉवेल. त्यांना त्यांच्या सासूने हेच शिकवलं होतं. तीन थरांखाली कपडा डोंबल वाळणार! नलू रोज सकाळी ती ब्रा चाचपून बघायची, अंगावर पावडर मारायची आणि गारढोण तशीच चढवायची. अठरा वर्षं हा क्रम चुकला नाही.

जयवंतला तिने एकदा सांगून पाहिलं. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मग अजून दोन घे ना. तुला डिस्काउंट आहे." घेतल्या. त्याही परकराखालीच गेल्या. दुकानातली पुतळी मात्र काचेआड ब्रा घालून चारचौघांत उभी असते. नलूला कधीकधी तिचा हेवा वाटतो.

गेल्या वर्षी मनवाचीही वेळ आली. नलूने दुकानातूनच सुती दोन आणल्या आणि लेकीला सगळं नीट समजावलं, अगदी मॅमला सांगते तसं. वाळत कुठे घालायची ते तेवढं सांगायचं राहिलं. ते पोरीने बघूनच उचललं. एके सकाळी टॉवेल काढायला गेलेल्या नलूला परकराखाली आपल्या ब्राशेजारी ती छोटीशी पांढरी ब्रा दिसली. आपलं गेलं ते गेलं, हिचं नाही जाऊ द्यायचं, असं तिने त्याच क्षणी ठरवलं.

गुरुवारी तिला सुट्टी. अप्पा त्या दिवशी जुन्या गिरणी कामगारांच्या बैठकीला जातात, मीराबाई लेकीकडे माटुंग्याला. दहा वाजता नलूने आपली आणि मनवाची अशा दोन ब्रा गॅलरीत वाळत घातल्या. उन्हात, उघड्या, चिमटे लावून. मग दारात बसून राहिली, आपल्याच घरात चोरासारखी. शेजारच्या गंगुबाई दोनदा गेल्या, दोनदा आल्या. तिसऱ्यांदा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "उनात बेस सुकतत, नाय?" नलूला इतकं बरं वाटलं की तिने त्यांना चहाला बसवून घेतलं.

गंगुबाई कप ठेवून गेल्या आणि थोड्याच वेळात मनवा शाळेतून आली. बरोबर मैत्रीण श्रेया. मनवाने दोरीकडे पाहिलं मात्र, धावत येऊन दोन्ही ब्रा अशा ओरबाडल्या की एक चिमटा खाली रस्त्यावर गेला. श्रेयाला जिन्यावरूनच "नंतर भेटू" झालं. मनवा आत येऊन रडायला लागली.

"आई, शी! आख्खी चाळ बघते. शाळेत सांगेल ना ती!"

"अगं, कपडाच आहे. सगळ्याच घालतात."

"मग तू इतकी वर्षं का लपवलास?"

बोलता बोलता तिचा हात युनिफॉर्मच्या आत गेला आणि खाजवायला लागला. नलूने तो हात धरला, शर्ट वर केला. पट्ट्याच्या रेषेत लाल पुरळ, एका जागी तर सोललेलं.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून."

"मला बोलली का नाहीस गं?"

"तू कुणाला बोलतेस का?" मनवा म्हणाली. रागाने नाही, साधंच.

सासूशी नलूला भांडता आलं असतं, जयवंतशीही. पण हात जोडून "आई, बाहेर नको ना घालू, प्लीज" म्हणणाऱ्या मुलीशी कसं भांडायचं?

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्पा आले होते. लहान ब्रा अजून कडेला ओलीच होती. दोरीवर ऊन होतं, भरपूर होतं. नलूने दार लोटलं, जमिनीवर चादर घातली आणि इस्त्री लावली. इस्त्रीने इलास्टिकची वाट लागते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने रुमाल ठेवून हळूहळू ती पट्टी कोरडी करत आणली.

मनवा डोळे पुसून दाराशी जाऊन उभी राहिली, आईकडे पाठ करून, आजोबा आत येत नाहीत ना ते बघायला.