मास्तरांची नजर आणि शेठचा डबा

आमच्या युनिटमध्ये दोन गोष्टी रोज झाडल्या तरी रोज साचतात. एक कापसाची लव आणि दुसरे किस्से. लव निदान खिडकीतून उडून तरी जाते. किस्से कोपऱ्याकोपऱ्यात बसून राहतात आणि चहाला चार माणसं जमली की कुणीतरी त्यातला एक उकरून काढतंच.

युनिट म्हणजे भवानी पेठेतला आमचा टॉवेलचा कारखाना. मी तिथे ऑर्डरींचा पत्रव्यवहार बघते, म्हणजे ईमेल, नमुने, फोटो आणि शेठनी ऐनवेळी सांगितलेलं बाकी सगळं. जुळे सोलापूरहून स्कूटीवर येते. सगळे मला मॅडम म्हणतात, ऐकत मात्र कुणी नाही. गेल्या दीड वर्षात साचलेले बहुतेक किस्से एका छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचे आहेत. त्या कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच असल्यामुळे ते सांगायचा अधिकारही माझाच.

*

कॅमेरा आला तो मोबाइलमुळे. मोबाइल फोटो काढत नाही, फोटोला नटवतो. आम्ही बंगळूरच्या एका हॉटेलवाल्या पार्टीला गव्हाळ रंगाच्या टॉवेलचा फोटो पाठवला, तर मोबाइलने तो पिकलेल्या आंब्यासारखा करून दाखवला. पार्टी खूश झाली. मग खोकी पोचली आणि पार्टीचा फोन आला. तो फोन शेठनी उभ्याने घेतला, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी शेठ खिशात मावेल एवढा कॅमेरा घेऊन आले. असले कॅमेरे आता फारसे मिळत नाहीत, पण त्यांच्या मुलीच्या कॉलेजात त्याची पुन्हा फॅशन आली आहे म्हणे. शेठनी जाहीर केलं की यात जसं असतं तसंच दिसतं.

हे नरसय्या मास्तरांनी ऐकलं. मास्तर म्हणजे आमचे रंगाचे मास्तर. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून प्रत्येक लॉट त्यांच्या नजरेखालून जातो. सकाळी दहा वाजता मागच्या अंगणात टेबलावर नमुना आणि टॉवेल शेजारी शेजारी ठेवायचे, आणि भडक कपडे घातलेल्या माणसाने जवळ उभं राहायचं नाही, कारण कपड्याचा रंग टॉवेलवर पडतो. लाल कुर्ता घालून आलेल्या दिवशी मला त्यांनी फाटकाबाहेर उभं केलं होतं. बाहेरून मी कारखान्याविरुद्ध उपोषणाला बसल्यासारखी दिसत होते.

शेठ म्हणाले की शेड, म्हणजे रंगाची छटा, मास्तरच पास करणार, कॅमेरा फक्त फोटोपुरता. पण मास्तरांना लागायचं ते लागलं होतं. ते कॅमेऱ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्या दिवशी डबा बरोबर आन् मी चूक निघंल, त्या दिवशी मी घरी."

मास्तर बोललेलं मागे घेत नाहीत. म्हणून त्या दिवसापासून सगळे त्या डब्याकडे जरा भीतीनेच बघायला लागले.

*

पहिल्या आठवड्यात मी मेनूत शिरले आणि काहीतरी दाबलं. सगळा मेनू जपानीत गेला. जपानी की चिनी यावर माझा आणि शेठचा वाद झाला, तेवढाच काय तो उपयोग. माहितीपुस्तकात भाषा बदलायची कशी हे लिहिलं होतं, पण भाषा जिथे बदलायची तिथे जायला तीच भाषा यावी लागत होती. शेठ बी.कॉम., मी एम.ए., दोघं अर्धा तास घाम पुसत बसलो.

पॅकिंगच्या महादेवी अक्का मागे उभ्या होत्या. अक्कलकोटकडच्या, बोलायला कन्नड आणि मराठी दोन्ही येतं, लिहायला-वाचायला एकही नाही. त्यांनी कॅमेरा मागून घेतला, टकटक पाच-सहा वेळा दाबलं आणि इंग्रजी परत आणली. कसं केलं विचारलं तर म्हणाल्या, "तुमी मगाशी दाबत होता तवा बघितलं की. खालनं तिसरं, मग वरनं दुसरं. अक्षरं कशाला बघायची?"

माहितीपुस्तक मी त्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

*

खंडेनवमीला आमच्याकडे मागांची पूजा होते. मागांबरोबर शिलाई मशीन, वजनकाटा, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. कॅमेराही पाटावर होताच. पूजेनंतर ग्रुप फोटो काढायचं ठरलं. मी हौसेने एक सेटिंग लावलं होतं, समोरचा माणूस हसला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. पडद्यावरचा चेहरा शोधणारा चौकोन नेमका मध्यभागी उभ्या मास्तरांच्या चेहऱ्यावर जाऊन बसला.

मास्तर आणि हसणं! आम्ही पंधरा माणसं दात काढून उभी, कॅमेरा स्टुलावर गप्प. शेठनी विनोद सांगितले, अक्कांनी कन्नडमध्ये कसलीतरी शिवी हासडली, मास्तरांची मिशी हलली नाही. माणसं कंटाळून इकडेतिकडे वळली, कुणी जांभई दिली, आणि तेवढ्यात खाडकन फोटो निघाला. चौकोन मास्तरांना सोडून मागच्या भिंतीवर गेला होता. तिथे शेठच्या वडिलांची तसबीर आहे आणि ते मंद हसताहेत.

सगळ्या फोटोत स्पष्ट आणि प्रसन्न आलेला माणूस एकच, तो बारा वर्षांपूर्वी वारलेला. शेठनी तो फोटो मोठा करून ऑफिसात लावलाय.

खरी गंमत दसऱ्याच्या सुट्टीनंतर झाली. मी बंगळूरला बारा फोटो पाठवून दिले आणि मग लक्षात आलं की पूजेत भिंगालाही हळद-कुंकू लागलं होतं. प्रत्येक टॉवेलचा एक कोपरा केशरी-गुलाबी, धुरकट. मास्तर दिवसभर कारखान्यात शीळ घालत फिरत होते. डबा चुकला होता.

संध्याकाळी पार्टीचा ईमेल आला. कोपऱ्याला विरत जाणारी ती केशरी छटा फार आवडली, त्याचे नमुने पाठवा. शीळ थांबली. चार दिवस खपून मास्तरांनी कॅमेऱ्यावरचा डाग सुतावर उतरवला, आणि काय उतरवला! त्या माणसाच्या हाताला तोड नाही, हे मी कॅमेऱ्याची बाजू घेणारी असूनही सांगते.

*

मग मी व्हाइट बॅलन्स शिकले. ऊन, ढग, ट्यूबलाइट, बल्ब, प्रत्येक उजेडाला वेगळं सेटिंग असतं. पण सगळ्यात पक्की रीत म्हणजे कॅमेऱ्याला एक पांढरी वस्तू दाखवायची आणि सांगायचं, बाबा रे, याला पांढरं म्हणतात. बाकीचे रंग मग तो त्यावरून ठरवतो.

मी मास्तरांकडे पांढरं काहीतरी मागितलं. त्यांनी विचारलं, कोणतं पांढरं? आमच्याकडे पांढरे सहा आहेत. दुधी, मलई, मोती, ब्लीचचा, नीळ दिलेला आणि नुसता सुताचा. माझ्या कागदाला त्यांनी पांढरा म्हणायलाच नकार दिला. शेठचं मत ब्लीचच्या बाजूने, मास्तर म्हणाले ब्लीच म्हणजे पावडर फासलेलं तोंड. अर्धा दिवस हा वाद चालला. शेवटी अक्कांनी आपला जेवणाचा डबा उघडून टेबलावर ठेवला. दहीभात. मास्तरांनी वाकून बघितलं, बोटाने एक शेंगदाणा बाजूला सारला आणि मान डोलावली.

तेव्हापासून आमच्याकडे फोटो जेवणाच्या सुट्टीआधीच काढतात. सुट्टीनंतर कारखान्यात पांढरं शिल्लक राहत नाही.

*

आता आकाशी लॉटबद्दल सांगते. हे सांगताना मी फार हसत नाही.

बंगळूरची ऑर्डर दोन लॉटमध्ये होती. मास्तरांनी दोन्ही अंगणात बघून पास केले. पॅकिंग सुरू झाल्यावर अक्कांनी मला हळूच बोलावलं आणि दोन टॉवेल शेजारी ठेवले. एक आकाशी, दुसरा त्याहून चांगलाच निळा. मी फोटो काढला. फोटोतही दोन टॉवेल, दोन रंग. डबा बरोबर होता.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. मग मास्तरांचे शब्द आठवले, डबा बरोबर निघाला तर मी घरी. शेठना दाखवलं, तर ते खुर्चीत बसूनच राहिले. मास्तर घरी बसलेले कुणालाच नको होते. शेवटी असं ठरलं की कॅमेरा बिघडला म्हणायचं, लॉट पुन्हा काढायचा आणि विषय संपवायचा. वर्षभर ज्याची बाजू घेऊन भांडले, त्या कॅमेऱ्यावर खोटा आळ घालायला मीच पुढे झाले.

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि कॅमेरा मागितला. इतक्या दिवसांत त्यांनी त्याला हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते. पडदा नाकाशी धरून त्यांनी फोटो बघितला आणि खुशीत म्हणाले, "बिघडला कुटं? बरोबर हाय की. दोन्ही एकच दिसतेत."

फोटोही ते त्याच डोळ्यांनी बघत होते. ते आमच्या तोंडाकडे बघायला लागले, एकेकाच्या, आणि मला ते सहन होईना. मी कॅमेरा घेतला, ब्लॅक अँड व्हाइट लावलं, कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत वाढवला, पुन्हा फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. रंग गेले. एक टॉवेल फिका राखाडी, दुसरा काळपट.

मास्तरांनी फोटो बघितला, पुन्हा टॉवेल बघितले. मग अक्कांना विचारलं, तुला दिसत होतं का. अक्कांनी होकारार्थी मान हलवली. मास्तरांनी कॅमेरा टेबलावर अलगद ठेवला, नळावर हात धुतले, जेवणाचा डबा उचलला आणि सायकल काढून घरी गेले. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. त्या दिवशी मला माझाच राग आला, आणि माहितीपुस्तक लिहिणाऱ्याचाही.

*

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्यात निळा रंग आधी मरतो, असं डॉक्टरांनी शेठना समजावून सांगितलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, पण मास्तर कामावर येईनात. तीन आठवड्यांनी शेठ, अक्का आणि मी त्यांच्या घरी गेलो.

मास्तर काळा चष्मा लावून बनियनवर बसले होते. बाहेर दोरीवर सहा शर्ट वाळत होते, सहाही निळसर. त्यांच्या बायकोने चहा ठेवला आणि तक्रारही सांगून टाकली. दोन वर्षं हे रोज भांडत होते की पांढरे शर्ट पिवळे पडलेत, नीळ वाढव. ती वाढवत गेली. आणि आता नवीन डोळ्याने दोरीकडे बघून तिलाच विचारतात, हे कुणाचे शर्ट?

शेठ म्हणाले की झालं गेलं विसरा, लॉट थांबलेत, उद्यापासून या. मास्तर म्हणाले की बोललो ते बोललो, डबा बरोबर निघाला. शेठनी वडिलांची आठवण काढली, तरी मास्तर जागचे हलले नाहीत. मग ते दोरीकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं मी हे घालून अंगणात उभा राहिलो. रंगाचा मास्तर, आन् अंगात निळा शर्ट. तुमी समदे रोज बघत होता. एकानं तरी सांगायचं न्हाय?"

शेठनी कपात बघितलं. मी शेठकडे बघितलं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "शेड पास करायचं काम तुमचं हाय की, मास्तर."

मास्तर उठले. दोरीवरचा एक शर्ट ओढून अंगात घातला, बटणं लावली आणि चपला शोधत म्हणाले, "चला. वाटेत एक पांढरा घेऊ."