घडवायचा राहिलेला खांब

मी चौथी शिकले. इजिप्तचा इतिहास मला कुणी शिकवला नाही, शिकवला असता तरी विसरले असते. नातीच्या शाळेला फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी पडली तेव्हा मुलाने सगळ्यांची इजिप्तची तिकिटं काढली, त्यात माझंही काढलं. इथे आयर्लंडात, आमच्या लिक्सलिपला महिनाभर धड ऊन नव्हतं. समुद्राकाठी हॉटेल, आणि मधला एक दिवस लक्झरची देवळं बघायला, आपली वेगळी गाडी आणि वेगळा गाईड करून. "तुला गर्दीत चालायला नको म्हणून, आई," मुलगा म्हणाला. खरं म्हणजे गर्दी त्यालाच सोसत नाही.

मुलगा इथे कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे वडील पाथरवट होते. जाती, पाटे, उखळं घडवायचे. बाजाराच्या दिवशी मी ते विकायला बसायची आणि बाकीचे दिवस "टाकी लावायचीय का, टाकी" ओरडत गल्लीबोळ फिरायची. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मसाला वाटला जात नाही. छिन्नीने ठोकून तो पुन्हा खरखरीत करावा लागतो, त्याला टाकी लावणं म्हणतात. त्यावर मुलगा शिकला.

एकदा मी त्याच्या वर्गातल्या पोराच्याच अंगणात पाटा ठोकत बसले होते. दोघं शाळेतून आले. माझ्या मुलाने मला पाहिलं आणि ओळख न दाखवता आत गेला. मी ठोकत राहिले. अर्धा पाटा बाकी होता.

त्यामुळे मी इथे राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "आई, इकडे ते जुनं काढू नकोस," तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी काढलं नाही. घर त्याचं. पण नातीने शाळेसाठी कुटुंबाचा तक्ता केला. तिला सांगितलेलं होतं की आजोबांचा बांधकामाचा बिझनेस होता, म्हणून तिने आजोबा कोट-टाय घातलेले काढले. तो तक्ता फ्रिजवर चिकटवला. रोज दूध काढताना मी त्या कोटवाल्याकडे बघायची. नवरा मेला ते मी सोसलं. पण हा भलताच माणूस त्याच्या जागी बसला होता, आणि मी गेल्यावर माझ्या जागीही अशीच कुणी पर्सवाली बाई बसणार होती.

लक्झरला जायला पहाटे निघालो. चार तास नुसतं वाळवंट. गाईड तिशीतली बाई होती, डोक्याला रुमाल, पायात बूट, चालणं भराभर. ती इंग्रजीत सांगायची आणि नात मला. नातीला मराठी कळतं पण ती बोलत नाही. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, मला त्यातलं निम्मं कळायचं, असं आमचं घरी चालतं. त्या दिवशी मात्र मला काही कळेना म्हणून तिला मराठीत बोलावंच लागलं. मोडकंतोडकं बोलली, पण बोलली.

कर्नाकच्या मोठ्या देवळात शिरलो. पहिल्याच चौकात एका बाजूला खांबांची रांग होती. बरेचसे खांब गोल, गुळगुळीत. कोपऱ्यातला एक मात्र ओबडधोबड, दगडांच्या कडा बाहेर आलेल्या. गाईडबाईने आम्हाला तिथे उभं केलं आणि विचारलं, हा असा का?

"भूकंप," मुलगा म्हणाला.

"पावसाने झिजला असेल," सून म्हणाली. आयर्लंडमध्ये राहून तिला सगळं पावसानेच झालेलं वाटतं.

नात म्हणाली शत्रूने तोडला.

"मोडलेला नाहीये तो," मी म्हणाले. "घडवायचा राहिलाय. आधी दगड रचून घेतले. मग वरून ताशीत खाली यायचं होतं. तेवढ्यात काम थांबलं. राजा मेला असेल."

नातीने सांगितलं तशी गाईडबाई माझ्याकडे वळली आणि भराभर काही बोलली.

"आजी, ती म्हणते करेक्ट. ती विचारते, तुला कसं माहीत?"

"चला, पुढे गर्दी होईल," मुलगा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"तिने विचारलंय," मी म्हणाले, आणि सांगून टाकलं. जाती, पाटे, टाकी, सगळं. चार वाक्यांत झालं. एवढी वर्षं गप्प बसले होते त्या मानाने फारच थोडं होतं.

नातीने ते गाईडला सांगितलंच नाही. माझ्याकडेच बघत राहिली. "पण आजोबांची कंपनी होती ना?"

"होती की. दोन माणसांची. ते आणि मी."

"अँड ऑफिस?"

"लिंबाच्या झाडाखाली."

"डॅड?" ती वळून म्हणाली. मुलाने काळा चष्मा चढवला. "हो, तसंच होतं," एवढंच म्हणाला.

मग नातीने गाईडला सांगायला सुरुवात केली. मी बोलले त्याच्या तिप्पट सांगितलं असेल. गाईडबाई म्हणे, छिन्नी कशी धरायची ते दाखवा. मी नातीची पेन्सिल खांबाशी तिरकी धरली आणि पाण्याची बाटली हातोड्यासारखी उचलली. लगेच तिथल्या राखणदाराने शिट्टी फुंकली.

मुलगा धावत आला. "आई! हात नको लावूस!"

"अरे, एवढी वर्षं उभा आहे तो. माझ्या बाटलीने पडणार आहे का?"

सून तोंडाला ओढणी लावून हसली. तिला लग्नाआधीपासून सगळं माहीत होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

दुपारी नदीपलीकडे डोंगरात राजांची थडगी बघितली. आत रंग अजून ताजे होते. नात माझा हात सोडेना. हे कसं कोरलं, ते कसं उचललं. माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाले. मुलगा मात्र दिवसभर दहा पावलं पुढे चालला आणि परतताना ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. रागावला तर रागावू दे, मी ठरवलं होतं. फार ताणलं तर गावाकडचं तिकीट काढून दे म्हणेन. सांगितलेलं काही परत घेणार नव्हते.

लिक्सलिपला आल्यावरही आठवडाभर तो कामापुरतंच बोलला. मग एका शनिवारी मी ओट्याशी मेथी निवडत होते, तेव्हा आला. कपाट उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं.

"काय हवंय?"

"काही नाही." मग म्हणाला, "ती सारखी विचारते. छिन्न्या किती प्रकारच्या होत्या, बाबा त्यांना धार कशी लावायचे, दगड कुठून आणायचे. मी म्हटलं सांगतो. आणि आई, मला काहीच आठवत नाहीये."

चाळिशी उलटलेला माणूस, पण घाबरल्यासारखा दिसत होता. मला बरं वाटलं. राग असता तर मी काय करणार होते? विसरलेल्या गोष्टीवर माझ्याकडे इलाज होता.

"बाबा मारतूल म्हणायचे का हातोडा?" त्याने विचारलं.

"मोठा तो मारतूल. बस इथे," मी म्हणाले. "आणि आधी तिला बोलाव. मी दोनदा सांगणार नाही."

त्याने जिन्याच्या पायथ्याशी जाऊन तिला हाक मारली.