स्पिरिट आधीच सुकलं

माझा विश्वास मल्टिमीटरवर. त्याचा बीप वाजला तर शॉर्ट आहे, नाही वाजला तर नाही. मधलं काही मला आजवर पटलेलं नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भरपूर टर उडवली आहे, त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण जे झालं ते माझ्याच टेबलावर, भर दुपारी झालं.

बऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आधी तिथे बाबा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. लोक अजूनही आत डोकावून विचारतात, "भैया कहाँ हैं?" मी म्हणते, "भैया मैं ही हूँ, बोलिए."

बाबांच्या दोन सवयी होत्या. दुरुस्त केलेल्या सेटला पॉवर देण्याआधी ते त्यावर हलकी फुंकर मारायचे, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहायचे. फुंकरीवरून मी त्यांना फार चिडवायचे. नावाची सवय मात्र मी उचलली. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

मागच्या उन्हाळ्यात बहादरपूरचे एक रिटायर्ड मास्तर बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आले. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायांची हळदीची गाणी त्यांनी चार वर्षं फिरून रेकॉर्ड केली होती.

"इंदूरवाल्यानं हात वर केले बेटी. बोर्ड डेड आहे बोलला," ते म्हणाले. "यात माझ्या मायचा आवाज आहे. ती तर गेली आता."

"सर, कॉपी नाही केली कुठे?"

"करतो करतो म्हणत राहूनच गेलं ना..."

लॅपटॉप पातळ, नव्या पद्धतीचा. मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली, काढून दुसरीकडे लावता येत नाही. बोर्ड जिवंत झाला तरच गाणी मिळणार होती.

मेन लाइनवर शॉर्ट होता. अशा वेळी आम्ही बोर्डावर स्पिरिट लावतो आणि बाहेरून थोडा करंट सोडतो. खराब पार्ट तापतो, तिथलं स्पिरिट सगळ्यात आधी सुकतं आणि चोर सापडतो. मी दोन दिवस हेच करत होते. काहीच तापेना. आता करंट वाढवणं एवढंच उरलं होतं, आणि त्यात प्रोसेसर जळाला तर सगळं संपलं. मी सरांना बोलावून स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "तू कर. दुसऱ्या कोणाला मी हात नाही लावू देणार."

करंट सोडायचा सप्लाय तासाभरापासून बंद होता. पंखाही बंद, कारण बारीक पार्ट उडतात. मी बोर्डावर स्पिरिट लावलं. करंटची क्लिप अजून माझ्या हातातच होती — आणि एका कोपऱ्यातलं स्पिरिट सुकलं. फुंकर मारल्यावर सुकतं ना, अगदी तसं. बाकी सगळा बोर्ड ओला.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच सुकलं. तिसऱ्यांदा लावताना तर मी स्वतःचा श्वास रोखून धरला होता.

"काय झालं बेटी?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर," मी म्हटलं.

तिथे मोहरीएवढा कपॅसिटर होता. मी तो गरम हवेने काढला आणि मेन लाइनवर मीटर लावला. बीप नाही! शॉर्ट गेला होता. नवा पार्ट लावून अ‍ॅडॅप्टर जोडला आणि लाइट लागला. दहा मिनिटांनी माझ्या दुकानात सरांची माय हळदीचं गाणं म्हणत होती. सर डोळ्यांना रुमाल लावून बसले होते, आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती अभिमानाने फुगली होती. इंदूरने सोडलेला बोर्ड बऱ्हाणपुरात उठला होता!

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझे बाबा ना, पॉवर द्यायच्या आधी..." आणि ती पुढची पोळी लाटायला लागली.

स्पिरिट का सुकलं, मला आजही माहीत नाही. मीटर धरला तो हात माझा, सोल्डरिंग माझं, त्यात मी कोणाला वाटेकरी करणार नाही. पण त्या दिवशी लॅपटॉपचं मागचं कव्हर लावताना मी आत मार्करने माझं नाव लिहिलं, आणि मग ड्रॉवरमधून बाबांची पेन्सिल शोधून काढली. माझ्या नावाच्या वर त्यांचं लिहिलं.