शेप्याची फूट

उदगीरला एसटी बदलून मुखेडकडे निघाले, तेव्हा पिशवीत कलमाचा चाकू, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि ओलं गोणपाट होतं. शेजारच्या बाईंना सांगितलं, लातूरला उद्यानविद्या शिकवते. त्या म्हणाल्या, "म्हंजे बागंत मास्तरीण." चूक तरी कशी काढायची? माझ्या वर्गातले निम्मे बँकेत गेले, उरलेले स्पर्धा परीक्षेच्या नादी लागले, एकानं पॉलीहाऊस टाकलं. झाडाला हात लावून पगार घेणारी मी एकटीच.

निघाले होते एका आंब्यासाठी. शेवटच्या वर्षाला आम्हाला गावात राहून शेती शिकावी लागते. तेव्हा त्या गावच्या मोतीराममामांच्या बांधावरचा शेप्या (शेपूच्या वासाचा गावरान आंबा) खाल्ला होता. तसा पुन्हा कुठं मिळाला नाही. आता पीएचडीसाठी गावरान आंब्यांची कलमं जमवायची, तर पहिली काडी त्याचीच घ्यायची, असं ठरवून टाकलं होतं. फोनवर मामांना एवढंच म्हटलं, शेप्या बघायला येते.

मुखेडला आठवडी बाजार होता. जीपमध्ये कुणाची तरी कोंबडी माझ्या मांडीवर बसून आली, आणि गोणपाट वाळून कडकडीत झालं. मामींनी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या मसाल्याची) वाढली, वर केशर आंब्याचा रस. तो खातानाच मला शंका यायला हवी होती.

बांधावर गेले, तर खोड तेच, नाव अजून शेप्याच, पण वर सगळा केशर. आमच्या मागची बॅच आली, तिनं जुन्या झाडाचं डोकं उतरवून केशराची कलमं बांधून दिली. तरी मी आशा सोडली नाही. अशा झाडाला कलमाच्या खाली फूट आली, तर ती मूळ जातीची असते. खोडाभोवती फिरले, वाकून बघितलं. खोड तुळतुळीत होतं.

"खाली काहीच फुटत नाही का, मामा?"

"आधी लई फुटायचं. पोरींनी सांगितलं हुतं, खालची फूट ठिवू नका. एक ठिवली न्हाई. मग फुटायचंच बंद झालं." मामा खुशीत होते. "औंदा (यंदा) एकच आली, चांगली हातभर. तुमी येनार म्हणून सकाळीच काढली. कालेजच्या मॅडम, नावं ठिवतील म्हणलं."

"कुठाय ती?"

"शेळीला टाकली. बरुबर केलं न्हवं?"

"बरोबर केलं," मी म्हटलं. पुन्हा फुटली तर राहू द्या, मला फोन करा, असंही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलेलं दिसलं नाही.

परतताना मामींनी पिशवीभर केशर दिला. गाडीत त्याचा वास सुटला होता आणि मला रडू येत होतं. या विषयानं मला पोटापाण्याला लावलं, मी तो जीव लावून शिकवते. शेप्यानं किती दुष्काळ काढले असतील. आणि आमचं सांगणं एका माणसानं मनापासून ऐकलं, तेवढ्यानं शेप्या गेला.

सोमवारी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे. कलमाखालची फूट ठेवायची नाही, हे मलाच शिकवायचं आहे.