वळणावरून ओढलेला ट्रक

"बाई, काही तुटलं तं नाही न?"

मी ट्रकखाली पोतं टाकून उताणी पडले होते. नामदेवकाका दर थोड्या वेळाने वाकायचे, हाच प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा ताठ उभे राहायचे.

मी मोटार सर्व्हेअर. विमा कंपनीकडे क्लेम आला की गाडीचं काय नुकसान झालं आणि कशामुळे झालं, ते जाऊन बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. राहते खामगावला, पण जिल्हाभर हिंडते. त्या दिवशी धाडच्या अलीकडे, नामदेवकाकांच्या शेतातल्या गोठ्यासमोर हा ट्रक उभा होता.

ट्रक पिंपळगाव राजाच्या युनूसभाईंचा. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. मका उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघाले होते. रस्त्याच्या वळणावर छातीत कळ आली. त्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला, चावी खिशात टाकली आणि खाली उतरून मातीतच बसले. काका शेतात होते. त्यांनी जीप थांबवली आणि युनूसभाईंना बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. ओळख ना पाळख, पण त्यांचे घरचे येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

परत आले तर ट्रक तिथेच. बाजाराचा दिवस, रस्त्यावर एसटी, जीप, बैलगाड्या. एक मोटरसायकलवाला ट्रकच्या मागच्या फाळक्यावर आपटता आपटता वाचला. काकांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला, आपला जोडला, साखळी लावली आणि ट्रक शेतापर्यंत ओढून आणला. दुसऱ्या दिवशी युनूसभाईंची मुलगी गाडी बघायला आली, तेव्हा पुढची दोन चाकं दोन दिशांना तोंड करून उभी होती. तिने कंपनीला कळवलं.

मी आधी पुढचा भाग बघितला. टाय रॉड वाकला होता. पुढची दोन्ही चाकं सोबत वळवणारी ही दांडी. ओढायचा हूक बंपरमध्ये असतो, पण साखळी या दांडीला अडकवली होती. अशी गाडी रस्त्यावर काढली तर स्टिअरिंग कधी दगा देईल, सांगता येत नाही.

मग मागे गेले. मागच्या प्रत्येक टायरवर एकेक सपाट चट्टा, आतले धागे दिसेपर्यंत. म्हणजे चाकं फिरलीच नव्हती, नुसती घासत आली होती.

"काका, ब्रेक सोडला होता का?"

"गिअर न्यूट्रल केला न मी! चावी नव्हती. गाडी लई जड येऊन राह्यली होती, पण मले वाटलं, ट्रकच हाय, जड राहीनच."

तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून कंपनीचे साहेब होते.

"मॅडम, काय निघालं?"

"टाय रॉड आणि मागचे टायर. ब्रेक लागलेला असताना गाडी ओढली."

"मग झालं. निष्काळजीपणा लिहा आणि या."

"सर, चूक झाली ते लिहिते. पण गाडी का ओढली, तेही लिहिणार. वळण मी स्वतः चालत जाऊन बघितलंय. तिथे ती गाडी राहिली असती तर आज मी वेगळ्याच क्लेमसाठी आले असते."

"फोटो जोडा वळणाचे," साहेब म्हणाले.

मी फोन ठेवला. काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, त्याले आज सांगू नका. तो दवाखान्यात हाय. गाडी त्याचं पोट हाय."

मी त्यांचा हात धरून टायरपाशी नेलं, चट्ट्यावर बोटं ठेवायला लावली. मग सांगितलं: मोठ्या गाडीत हँडब्रेकचा नॉब ओढला की हवा बाहेर पडते, आणि आतली जाड स्प्रिंग मागची चाकं दाबून धरते. परत हवा भरल्याशिवाय ती सोडत नाही. गिअरशी तिचा काही संबंध नाही.

"आन् इंजिन?"

"इंजिन ठीक आहे. गिअरबॉक्सही."

ते तिथेच टायरला टेकून बसले. "मले वाटलं, सगळी गाडीच गेली. दोन दिस झाले, जेवण जाऊन नाही राह्यलं."

आता मला युनूसभाईंशी बोलणं भाग होतं. त्यांचं निवेदन घ्यायचंच होतं. त्यांच्या मुलीच्या फोनवर लावला, स्पीकर सुरू केला आणि जे होतं ते सांगितलं. काका जमिनीकडे बघत होते.

"ते शेतवाले बाबा हायेत का तिथं?" युनूसभाईंचा आवाज बारीक येत होता.

"हाव," काका म्हणाले.

"बाबा, टायर गेले तं जाऊ द्या. मी वळणावर गाडी सोडून आलो होतो. इथं पडल्या पडल्या मले तेच दिसे. अंधारात कोणी येऊन ठोकलं तं? कोण्याच्या घरचं माणूस गेलं तं? पोरीनं सांगितलं, गाडी तुम्ही शेतात नेली, तवा कुठं मले झोप लागली."

काकांनी उपरण्यात तोंड लपवलं. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने माठाकडे गेले.

टाय रॉडचा खर्च कंपनीने मंजूर केला; टायर ब्रेक न सोडल्याने घासले, म्हणून त्यांचा नाही. युनूसभाईंनी तक्रार केली नाही. मेकॅनिकने गोठ्यासमोरच टाय रॉड आणि टायर बदलले. महिनाभराने डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिली, तेव्हा ते गाडी न्यायला स्वतः आले. आता चालवायला दुसरा ड्रायव्हर होता. काकूंनी त्यांच्यासाठी बिनमिठाचं वरण केलं होतं. जेवण झाल्यावर दोघं ट्रकपुढे उकिडवे बसले आणि युनूसभाईंनी काकांना ओढायचा हूक कुठे असतो ते दाखवलं. निघताना काकांना शेजारी बसवून त्या वळणापर्यंत चक्कर मारून आणलं. हे मला त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं.

तेव्हापासून ओढून आणलेली गाडी तपासायला गेले की टाय रॉड आणि टायर आधी बघते. आणि ज्याने ओढली त्याला नुकसान तिथल्या तिथे दाखवते. नाही दाखवलं, तर तो मनात त्याहून मोठं धरून बसतो.