वाकलेल्या माणसाच्या मागे

ताडोबाच्या जंगलालगत, मोहर्लीकडच्या आमच्या गावात मोहफुले वेचायला कोणी एकटे जात नाही. फुले पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. वेचणारा बराच वेळ खाली मान घालून वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि झुडपांवर नजर ठेवायची. मेहुणे गेल्यापासून थोरल्या बहिणीमागे दर चैत्रात मी उभा राहत आलो. चंद्रपूरच्या नोकरीतली माझी रजा त्या दिवसांसाठीच राखलेली असे.

यंदा ती रजा मी एका थंड हवेच्या गावी, नावाजलेल्या गोल्फ क्लबच्या हिरवळीवर घालवली. मुलीचे सासरे तिथले जुने सभासद. त्यांनी आग्रहाने बोलावले. मुलीच्या बापाने नाही कसे म्हणावे, असे मी घरी सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. आमच्या वसाहतीच्या मैदानात मी हौसेने गोल्फची काठी फिरवत असे. खऱ्या मैदानावर एकदा तरी खेळावे, ही इच्छा माझीच होती. बहिणीला फोनवर कळवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "जा ना भाऊ. पोरीच्या सासरचं आहे, नाई म्हनू नये." तुझ्यामागे कोण उभे राहील, हे मी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

सकाळी लवकरच आम्ही खेळायला उतरलो. व्याही, त्यांचे एक निवृत्त मित्र आणि मी. गवत इतके बारीक कापलेले की त्यावर बूट ठेवताना संकोच वाटावा. एकजण फटका मारताना बाकीच्यांनी चेंडूवर नजर ठेवायची, तो कुठे पडतो ते पाहायचे, हा तिथला साधा शिष्टाचार. व्याही चेंडू मांडायला वाकले, त्यांनी फटका मारला, आणि मला काहीच दिसले नाही.

"व्याहीबुवा, चेंडू तिकडे गेला," ते म्हणाले. "तुम्ही झाडांत काय शोधताय?"

मी माफी मागितली. पुढच्या फटक्याला पुन्हा तेच झाले आणि त्यांचा चेंडू हरवला.

"अरे, तुझा खेळ त्यांना बघवत नाही, म्हणून पाठ फिरवतात!" मित्र म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

मग ते मित्र स्वतः वाकले आणि माझे पाय आपोआप वळले. या वेळी ते माझ्या ध्यानात आले. जिथे ससाही लपू शकणार नाही अशा हिरवळीवर, एका सुखवस्तू गृहस्थाची मी राखण करत होतो. नेमक्या त्याच वेळी माझी बहीण मोहाखाली वाकलेली असणार होती.

मी बाजूला जाऊन फोन लावला. तिने तो बऱ्याच वेळाने उचलला.

"बाई, कुठी आहेस?"

"कुठी म्हंजे? मोहाखाली."

"संगं कोन आहे?"

"कोनी नाई. शेजारची सून येतो म्हनली होती, तिचं लेकरू तापलं."

"मंग घरी जा ना."

"अन् फुलं? हरनं खाऊन टाकतीन. तू फोन ठेव पहिले. मोबाईलवर मोठ्यानं गानं लावून फांदीले अडकवला होता, तुया फोन आला अन् बंद पडलं. त्या आवाजाच्याच भरोशावर तं वाकून राह्यली मी."

मी तत्काळ फोन बंद केला. ते गाणे आपोआप पुन्हा सुरू होते, की तिला ते लावावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. आणि विचारण्यासाठी पुन्हा फोन करणे शक्य नव्हते.

"तुमची पाळी!" व्याह्यांनी हाक मारली. मी गेलो. वाकलो. फटका चांगला बसला, दोघांनी वाहवा केली. तो डाव मी शेवटपर्यंत खेळलो, हे इथे लिहिलेच पाहिजे. अर्ध्यावर उठलो असतो तर रंगाचा बेरंग झाला असता, असे मी स्वतःला प्रत्येक फटक्याला समजावत होतो.

ऊन चढल्यावर, ती परतली असेल अशा बेताने, मी पुन्हा फोन केला. ती अंगणात फुले वाळत घालत होती.

"खेळला का?" तिने विचारले.

"खेळलो."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरे वाटले असते.

जेवताना मी व्याह्यांना सांगितले की मला आजच निघायला हवे. त्यांनी कारण विचारले, तेव्हा सगळे सांगितले. त्यांचा घास हातातच राहिला.

"अहो, हे आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. "मीच तुम्हाला येऊ दिलं नसतं."

ज्या भिडेच्या आड मी इतके दिवस उभा होतो, ती त्यांनी एका वाक्यात दूर केली. मी ताटावरून उठलो आणि सामान भरायला गेलो.