कम्फर्ट केअरचं मराठी

मेश्रामताई 'मी' म्हणायच्या, तेव्हा तो 'मी' त्यांचा कधीच नसायचा. डॉक्टर इंग्रजीत म्हणाली की तिला काळजी वाटते, की मेश्रामताई शांतपणे मराठीत म्हणायच्या, "मला काळजी वाटते आहे." आमच्या सासूबाई म्हणाल्या, माझा गुडघा धरलाय, खुर्ची द्या, की या ताठ बसून डॉक्टरला इंग्रजीत सांगायच्या, माझा गुडघा धरलाय, खुर्ची द्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तशा अवस्थेतही मला हसू फुटलं होतं. दुभाष्यानं 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, ज्याचं वाक्य त्याचाच 'मी' लावायचा असतो, हे मला नंतर कळलं.

मुळात दुभाषी आमच्यासाठी नव्हतीच. सातव्या महिन्यात सुनेचं डोहाळजेवण करायचं म्हणून सासूबाई, म्हणजे आमच्या आई, कराडहून इकडे परदेशात, टूनगॅबीला, महिनाभर आधीच आल्या आणि त्याच आठवड्यात ऑफिसात माझं पाणी गेलं. तेविसावा आठवडा. हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, इंटरप्रिटर हवी का? अमोल, माझा नवरा, जरा तोऱ्यातच म्हणाला, फक्त आईसाठी. मलाही तेच वाटलं. दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारी माणसं आम्ही, आम्हाला कशाला हवी दुभाषी?

तर अशा मेश्रामताई आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, मूळच्या नागपूरच्या. कॉटनचा कुर्ता, वर हॉस्पिटलचं ओळखपत्र, आणि खुर्ची नेहमी आईंच्या किंचित मागे. आईंनी पहिल्याच भेटीत त्यांचं गाव, माहेर, मुलंबाळं सगळं विचारायला घेतलं. मग विचारलं, तुमचं काय मत, वाचेल का पोर? त्या म्हणाल्या, "माझं मत मी चपलांसारखं दाराबाहेर काढून येते जी. इथं आत ते चालत नाही." आईंना हे अजिबात आवडलं नाही. इतकं मराठी बोलणारी बाई आणि साधा धीर देत नाही म्हणजे काय, असं त्या मला कुजबुजत म्हणाल्या.

मग डॉक्टर बोलायला बसली. कळा सुरू होतील असं दिसत होतं. ती फार मऊ बोलत होती. एक रस्ता असा, की बाळ जन्मताच नळी, मशीन, औषधं, सगळं करायचं. दुसरा, कम्फर्ट केअर. त्यात बाळाला ऊब देऊ, त्रास होणार नाही हे बघू, तुम्हा सगळ्यांना एकत्र वेळ मिळेल. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, निवड तुमची. अमोल आणि मी "यस, यस" करत होतो. फोनवर आपण "हो, हो" करतो ना, ऐकतोय एवढंच सांगायला, तसं. शेवटी तिनं विचारलं, मग तुम्हाला काय वाटतं? नळ्या कशाला त्या एवढ्याशा जिवाला? केअर आहे, वर कम्फर्टही आहे. अमोल म्हणाला, "कम्फर्ट केअर, ऑफ कोर्स." मीही मान हलवली. विम्याचा वरचा प्लॅन निवडावा तशी निवडली आम्ही ती.

मेश्रामताई तोवर एकेक वाक्य आईंना सांगत होत्या, पण आम्ही इंग्रजीकडेच कान लावून बसलो होतो. डॉक्टरनं खात्रीसाठी आमची निवड पुन्हा एकदा स्पष्ट बोलून दाखवली, तीही आमच्या कानांवरून गेली, आणि आता मेश्रामताईंचा आवाज तेवढा राहिला होता. माझ्या सासूला त्या सांगत होत्या, "बाळ जन्मल्यावर मी त्याला मशीनला लावणार नाही. त्याला वाचवायचा प्रयत्न करणार नाही. आईच्या अंगावर ठेवीन, आणि ते जाईपर्यंत त्याला दुखू देणार नाही. बाळाचे आईवडील याला हो म्हणाले आहेत."

आई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे बघून विचारलं, "अमोल, तू ह्याला हो म्हणालास?"

मेश्रामताईंनी तो प्रश्नही इंग्रजीत सांगितला, आणि अमोल माझ्याकडे बघायला लागला. डॉक्टरही चक्रावली होती, कारण तिच्या समजुतीनं आम्हाला सगळं कळलं होतं. मेश्रामताईंनी तिला सांगितलं, दुभाषी स्वतः बोलते आहे, इथे गैरसमज झाला असावा, कृपया पुन्हा विचारा. एवढंच. मग सगळं पहिल्यापासून सुरू झालं. बाळ वाचण्याची शक्यता, न वाचण्याची, वाचलं तर काय काय होऊ शकतं त्याची. या वेळी मी इंग्रजी सोडून मराठीच ऐकत होते. इंग्रजीत ते कपाळापर्यंत येऊन थांबायचं, मराठीत थेट पोटात जायचं. आम्ही म्हणालो, वाचवा. जे करता येईल ते सगळं करा.

मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी, कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसावं. काचेच्या पेटीशी बसून आई दबक्या आवाजात जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, म्हणून तिचं नाव ओवी. तिनं माझं बोट धरलेलं मी पाहिलं आहे. रोज टाचेला सुई टोचली की तिचं तोंड रडल्यासारखं व्हायचं आणि नळीमुळे आवाज यायचा नाही, तेही मी पाहिलं आहे. असे काही आठवडे गेले. मग एका तपासणीत मेंदूच्या दोन्ही बाजूंना रक्तस्राव निघाला, फुप्फुसंही हरत चालली होती, आणि डॉक्टरनं आम्हाला पुन्हा त्याच खोलीत बोलावलं.

या वेळी दुभाषी मी मागितली, स्वतःसाठी. नशिबानं मेश्रामताईच आल्या. डॉक्टर म्हणाली, मशीन चालू ठेवता येईल, पण ते तिला बरं करणार नाही. अमोल भिंतीकडे बघत बसला होता. शेवटी मी मराठीत म्हणाले, तिच्या नळ्या काढा आणि तिला माझ्या अंगावर द्या. मेश्रामताईंनी ते इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता, आवाज न हलवता. अमोलनं मान खाली घातली आणि "यस" म्हणाला.

ओवी माझ्या छातीवर होती तेव्हा आईंनी विचारलं, तिला दुखतंय का? डॉक्टर म्हणाली, नाही, औषध दिलं आहे. मेश्रामताईंनी ते सांगितलं. आई म्हणाल्या, "डॉक्टरचं नको. तुझं सांग बाई, तुला काय दिसतं?" मेश्रामताईंनी ओवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही, आई." आणि त्यांनी आईंचा हात धरला. दुपार सरायच्या आत ओवी गेली.

घरी आल्यावर काही दिवस गेले. एकदा जेवता जेवता त्यानं ताट सरकवलं आणि म्हणाला, ती बाई त्या दिवशी नसती तर बरं झालं असतं. पोरीला एवढं सोसावं लागलं नसतं. शेवट तोच झाला ना? तुझ्या अंगावरच गेली ना? मी भयंकर भांडले त्याच्याशी. माझ्या मुलीनं माझं बोट धरलं होतं, ते मी कुणाला परत देऊ? पण तो म्हणाला ते डोक्यातून जाईना. न कळता दिलेला होकार आणि कळून दिलेला होकार, दोन्ही एकच निघाले होते. मधे होत्या त्या आईंच्या ओव्या, आणि त्या सुया.

पुढे जवळच्याच गिरावीनच्या इंडियन ग्रोसरीत मेश्रामताई दिसल्या, मेथी निवडत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि नजर काढून घेतली. पेशंटला बाहेर आपण होऊन ओळख द्यायची नाही, हाही त्यांचा नियम. मीच पुढे गेले. कशी आहेस, जेवतेस ना नीट, आई गेल्या का परत, असं सगळं त्यांनी विचारलं. मी मात्र एकदम विचारून बसले, त्या पहिल्या दिवशी तुम्ही आईंना थोडं गोड करून सांगितलं असतं तर?

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तो विचार मी रोज करते," त्या म्हणाल्या. "पण मी गोड केलं असतं, तर तुमच्या पोरीचं काय करायचं ते मी ठरवलं असतं. ती तुमची होती बाई."

मी काही न घेता बाहेर आले आणि गाडीत बसून खूप रडले. त्यांचा राग आला होता म्हणून, की त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं म्हणून, हे मला अजूनही सांगता येत नाही.